गोव्यातल्या मागास तालुक्यांचा पैसा : सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोणसाठी निधी येतो कुठून, अडतो कुठे?

कुळागर

अर्थसंकल्प आला की "किनारपट्टीला सगळे, अंतर्भागाला काही नाही" हे वाक्य ऐकू येते आणि चर्चा तिथेच संपते. हा धागा त्याच्या पुढच्या प्रश्नांसाठी. श्रीमंत आणि गरीब प्रदेशांतली दरी कमी करायला सरकारी पैसा कुठल्या वाटांनी येतो, त्यातल्या कुठल्या वाटा सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोणपर्यंत पोचतात, आणि पोचलेला पैसा खर्च का होत नाही?

सुरुवातीला एक जुनी गोष्ट नोंदवतो, कारण नव्या मंडळींना ती ठाऊक नसते. १९७४-७५ पासून पश्चिम घाट विकास कार्यक्रम होता. पाच राज्यांतले १७१ तालुके त्यात होते : महाराष्ट्राचे ६३, कर्नाटकाचे ४०, तामिळनाडूचे ३३, केरळचे ३२ आणि गोव्याचे फक्त ३, म्हणजे सत्तरी, सांगे आणि काणकोण. (धारबांदोडा तेव्हा स्वतंत्र तालुका नव्हता.) केंद्राची मदत ९० टक्के अनुदान, १० टक्के कर्ज अशी होती. तालुका हाच एकक धरून थेट पैसा देणारी ती योजना. चौदाव्या वित्त आयोगानंतर (केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवणारा तो आयोग) केंद्राने तीतून हात काढून घेतला. तिच्या जागी काय आले, ह्याचे उत्तर मला एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा धागा.

राजकारण थोडे बाजूला ठेवा, आकडे आणि कागद घेऊन या.

लेखाशीर्ष

कुळागरबाब, एका ओळीत उत्तर : तिच्या जागी काही आले नाही. करांतला राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ वर नेला आणि "आता तुमचे तुम्ही बघा" असे सांगितले. राज्याला पैसा मिळाला. तो तालुक्याला द्यायचे बंधन मात्र गेले.

आता राज्याचा वाटा कसा ठरतो ते बघा. पंधराव्या वित्त आयोगाचे २०२१-२६ चे सूत्र असे होते : वाटपयोग्य करांचे ४१ टक्के राज्यांना. ते राज्याराज्यांत वाटताना उत्पन्नातील अंतराला ४५ टक्के भार, लोकसंख्येला (२०११) १५, क्षेत्रफळाला १५, लोकसंख्या नियंत्रणाच्या कामगिरीला १२.५, वने व पर्यावरणाला १० आणि कर गोळा करण्याच्या प्रयत्नाला २.५.

सगळ्यात जड निकष म्हणजे उत्पन्नातील अंतर. राज्याचे दरडोई उत्पन्न वरच्या राज्यापासून जितके दूर तितका वाटा जास्त. दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वर, त्यामुळे ह्या ४५ टक्क्यांतून आपल्याला नाममात्र मिळाले. तरी त्या काळात गोव्याचा एकूण वाटा ०.३८६ टक्के होता, आणि देशाच्या लोकसंख्येत आपण जेमतेम ०.१२ टक्के. हे कसे? क्षेत्रफळाच्या निकषात लहान राज्यांसाठी किमान २ टक्क्यांचा तळ धरला होता. ३,७०२ चौरस किलोमीटर म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाचा ०.११ टक्का, पण हिशेबात धरले २. त्याला १५ टक्के भार लावा, सगळ्या राज्यांची बेरीज पुन्हा शंभरवर आणताना थोडी घट धरा, तरी साधारण पाव टक्का एवढ्यावरूनच आला. म्हणजे गोव्याला केंद्रीय करांतून जे मिळाले त्याचा मोठा भाग आपण लहान आहोत म्हणून मिळाला. सांग्याची किंवा सत्तरीची गरिबी त्या सूत्रात कुठेच दिसत नाही. राज्याच्या सरासरीत ती विरघळलेली असते.

केंद्रपुरस्कृत योजनांतही गोवा ६०:४० मध्ये. ९०:१० चे प्रमाण ईशान्य आणि हिमालयीन राज्यांना.

मांडवीकाठ

सरासरीचे मान्य. पण एक विचारतो, रागावू नका. माणशी खर्च काढला तर सत्तरीत किंवा काणकोणात बार्देशपेक्षा कमी होतो असे कोणी दाखवले आहे का? सत्तरीचे रस्ते बघा, म्हापशाच्या गल्ल्यांपेक्षा चांगले. घरपट्टी भरायची किनाऱ्याने, कचरा काढायचा किनाऱ्याने, पर्यटकांची गर्दी सोसायची किनाऱ्याने, आणि मागास म्हणून पैसा न्यायचा दुसऱ्यांनी?

पाटवाट

माणशी खर्च जास्त असेलही. असायलाच हवा. २०११ च्या जनगणनेत सत्तरीची लोकसंख्या सुमारे ६४ हजार, क्षेत्रफळ सुमारे ४९० चौ. किमी, म्हणजे चौरस किलोमीटरला १३० माणसे. सासष्टीत २.९४ लाख माणसे सुमारे २९० चौ. किमी जागेत, म्हणजे हजाराच्या आसपास. एक किलोमीटर नळ टाकला की सासष्टीत त्याच्यावर जितकी घरे येतात त्याच्या आठव्या हिश्शाइतकी सत्तरीत येतात. तीच सेवा द्यायला माणशी खर्च कितीतरी पट लागतो. तेव्हा तुलना करायची ती रुपयांची नको, सेवेची करा : नळाला दिवसाला किती तास पाणी, जवळच्या चोवीस तास डॉक्टर असलेल्या केंद्रापर्यंत किती मिनिटे, शेवटची बस किती वाजता.

नळाचेच बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा "हर घर जल" प्रमाणित होणारे देशातले पहिले राज्य ठरले. नळजोडणी शंभर टक्के. त्या आकड्यात तास नाहीत, दाब नाही. आणि साळावली धरण सांगे तालुक्यात, त्याच्या पाण्यावर मडगाव-वास्को चालते. धरणासाठी कुर्डी गाव उठले, माणसे वाडे आणि वालकिणीला गेली. तेव्हा कोण कोणाचे सोसते हा हिशेब मांडायचाच तर दोन्ही खाती उघडा.

रस्त्यांचे तुमचे म्हणणे मात्र खरे. त्याचे कारण निधीच्या प्रकारात आहे. भांडवली खर्चाला पैसा मिळतो. केंद्राचे ५० वर्षांचे बिनव्याजी कर्ज २०२०-२१ पासून सुरू आहे, तेही भांडवली कामांनाच. डांबर, इमारत, टाकी ह्यांत हा पैसा बसतो. परिचारिका, पंपचालक, बसचा चालक हे महसुली खर्चात, आणि तिथे हात आखडतो.

एक वाडा घ्या. ४० घरे, २०० माणसे. जलजीवन मिशनच्या (केंद्राची नळपाणी योजना) मापाने माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला ११ हजार लिटर. ६० मीटर उंचीवर पाणी चढवायचे तर पंपाची कार्यक्षमता ४५ टक्के धरूनही दिवसाला चारएक युनिट वीज, महिन्याला सव्वाशेच्या आत. वीज हा खर्चच नव्हे. पंप सुरू-बंद करणारा, गळती बांधणारा, पावसाळ्यात गाळ काढणारा माणूस, हा खर्च. वीस वाड्यांच्या वीस टाक्या मंजूर होतात, पंपचालकाचे पद एक. टाकी पाच वर्षांत कोरडी आणि कागदावर "मालमत्ता निर्माण झाली". जिथे वरच्या अंगाला बारमाही झर आहे तिथे उताराने पाणी आणायची योजना करावी, पंपच नको. पण झरीचा प्रवाह एप्रिल-मेमध्ये मोजावा लागतो. अंदाजपत्रक डिसेंबरात करतात आणि झर मार्चात आटते.

आझुलेज

सरासरीत विरघळण्याचा मुद्दा पोर्तुगालमध्ये अगदी ताजा आहे, आणि आपल्याला तो चांगला कळेल.

युरोपीय संघाचा प्रादेशिक निधी (२०२१-२७ साठी सुमारे ३९२ अब्ज युरो) प्रदेशाच्या दरडोई उत्पादनावर ठरतो. संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असेल तो कमी विकसित, ७५ ते १०० मधला संक्रमणातला, १०० च्या वर विकसित. कमी विकसित प्रदेशात प्रकल्पाच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंत वाटा संघ उचलतो, विकसित प्रदेशात साधारण ४० टक्के. पोर्तुगालात उत्तर, मध्य, आलेंतेजु, असोरिश बेटे पहिल्या वर्गात. लिस्बन महानगर तिसऱ्या.

आता लिस्बनसमोर, तेजू नदीच्या दक्षिणेला सेतूबाल द्वीपकल्प आहे. ९ नगरपालिका, सुमारे ८ लाख वस्ती. माणसे पूल ओलांडून लिस्बनला कामाला जातात. त्यांचे उत्पादन लिस्बनच्या खात्यावर मोजले जाते. सेतूबाल स्वतः गरीब, पण महानगराच्या सरासरीत विकसित. वर्षानुवर्षे तिथले कारखाने आणि नगरपालिका जादा वाट्याच्या निधीसाठी अपात्र ठरल्या. शेवटी प्रदेशांच्या सांख्यिकी नकाशाच्या २०२४ पासूनच्या आवृत्तीत सेतूबालला वेगळा प्रदेश केले. आणि गंमत बघा, तरी चालू आवर्तनात फायदा नाही, कारण पात्रता जुन्या नकाशावर आधी ठरलेली. २०२७ नंतर.

त्या पातळीच्या प्रदेशाला ८ लाख ते ३० लाख लोकसंख्या लागते. ह्या मापाने १४.५८ लाखांचा अख्खा गोवा एकच प्रदेश होईल. तालुका त्या मोजपट्टीत दिसणारच नाही. तेव्हा "युरोपसारखे करा" म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावे.

कुळागर

आझुलेजबाब, देव बरें करूं. हे थेट इथे लागू होते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत केपे-सांग्याहून बस भरून माणसे येतात. उत्पादन सासष्टीत मोजले जाते. उलटही होते. खाणी जोरात होत्या तेव्हा सांग्याचे दरडोई उत्पादन कोणी काढले असते तर डोळे दिपले असते. धातूची किंमत तिथे मोजली गेली असती, नफा आणि पगाराचा मोठा भाग दुसरीकडे.

राज्याच्या उत्पन्नाचे अंदाज तालुका पातळीवर काढत नाहीत. मग मागासपण दाखवायचे कशावर?

दोडामार्ग

हद्दीपलीकडून बोलतो. महाराष्ट्रात हा खेळ चाळीस वर्षे चाललाय, त्यातून घ्यायचे ते घ्या.

दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात उत्पन्नाच्या नादी न लागता एकेक क्षेत्र घेतले : रस्ते, सिंचन, ग्रामीण वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा वगैरे. प्रत्येकात राज्याची सरासरी काढली. जिल्हा सरासरीच्या खाली असेल तर तेवढी तूट भौतिक एककात मोजली, म्हणजे किलोमीटर, हेक्टर, खाटा, आणि तिची चालू दराने किंमत लावली. ती बेरीज म्हणजे अनुशेष, ३,१८६ कोटींहून अधिक. पद्धत साधी आणि तपासता येण्याजोगी. तालुक्याला तशीच लावता येईल. रस्त्याची लांबी, खाटा, बँक शाखा, विजेचा वापर, पटसंख्या हे तालुकावार मिळते, नियोजन व सांख्यिकी संचालनालयाच्या पुस्तिकांत बघा.

कुठे चुकले तेही सांगतो. एक, सरासरी हलती असते. पुढारलेले जिल्हे पुढे सरकत राहिले, दर वाढले, आणि दहाएक वर्षांनी निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजले तेव्हा आकडा १४ हजार कोटींच्या घरात गेला. दोन, एकक जिल्हा होते. सधन जिल्ह्यातला दुष्काळी तालुका सरासरीत बुडाला, सेतूबालसारखाच. तीन, तरतूद आणि खर्च वेगळे. विदर्भाच्या नावाने तरतूद होई, खर्च न झालेला पैसा वर्षअखेरीस दुसरीकडे वळे. १९९४ ची वैधानिक विकास मंडळे त्यावर उतारा होती. राज्यपालांच्या निर्देशांनी वळवावळव थोडी थांबली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

कोकणाला स्वतंत्र मंडळ मिळाले नाही ते दुःख वेगळे, तो धागा वेगळा.

साकव

वरती सगळ्यांनी पैसा कसा ठरतो ते सांगितले. पैसा ठरल्यावर काम का होत नाही, ते मी लिहिते. उदाहरण म्हणून डोंगरी वाड्यावरचा लहान साकव किंवा अंगणवाडीची इमारत धरा.

क्रम असा. जागेचा कागद. प्राथमिक अंदाजपत्रक. प्रशासकीय मान्यता आणि खर्चमंजुरी. सविस्तर अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी. निविदा. कार्यादेश. अर्थसंकल्प मार्चात, मंजुऱ्या फिरेफिरेपर्यंत पावसाळा. जूनपासून सप्टेंबर पाया खणता येत नाही. ऑक्टोबरात निविदा, नोव्हेंबर-डिसेंबरात कार्यादेश, आणि ३१ मार्चला पैसा व्यपगत, म्हणजे न वापरल्याने रद्द. मध्ये पंचायत किंवा जिल्हा पंचायतीची आचारसंहिता पडली की दोन महिने गेले. म्हणजे प्रत्यक्ष कामाला तीन-चार महिने. किनाऱ्यावर हेच वेळापत्रक आहे, पण तिथे खालची विघ्ने कमी.

पहिले विघ्न जागा. नमुना १ व १४ वर (जमिनीच्या उताऱ्यावर) पंचायतीचे किंवा सरकारचे नाव नसेल तर काम पुढे सरकत नाही. सत्तरीत मोकाशांच्या (जुन्या इनामदारांच्या), आल्वाराच्या (पोर्तुगीज काळात सनदेने दिलेल्या) जमिनी. कसणारा एक, कागदावर दुसरा. दानपत्र द्यायला जो तयार आहे त्याचे नाव उताऱ्यावर नाही, आणि ज्याचे आहे ते वीस सहहिस्सेदार. त्यामुळे अंदाजपत्रकाच्या आधी जागा. उलट केले की मंजुरी आलेले काम "जागा उपलब्ध नाही" शेऱ्याने परत जाते आणि पुढल्या वर्षी त्या वाड्याचे नाव यादीत खाली जाते.

दुसरे वन. सत्तरीत म्हादई अभयारण्य, धारबांदोड्यात भगवान महावीर, सांग्यात नेत्रावळी, काणकोणात खोतीगाव. वनजमिनीवर काम म्हटले की वन संरक्षण कायद्याची फाइल, आणि ती लांबते. पण वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) ची वाट लोक वापरतच नाहीत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी, टाकी, वीजवाहिनी अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी प्रत्येकी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पर्यंत झाडे, ग्रामसभेची शिफारस, आणि मंजुरी विभागीय वनाधिकाऱ्याच्या पातळीवर. इथे अडते ते ग्रामसभेच्या ठरावात. ठरावात सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि झाडांची संख्या लिहिलेली नसते. "रस्ता व्हावा असे ठरले" एवढ्यावर वनखाते काय करणार? अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव मंडळाचा प्रश्न वेगळा उभा राहतो, तो ह्याने सुटत नाही.

तिसरे दर. राज्याची दरसूची सगळीकडे एक. चिरे, खडी, रेती मुख्य रस्त्यावर उतरवून तिथून लहान गाडीने, पुढे डोक्यावर न्यायची तर त्या वाहतुकीची वेगळी बाब अंदाजपत्रकात धरावी लागते. घाईत धरत नाहीत. मग निविदेला एकही कंत्राटदार येत नाही. फेरनिविदा, पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा कोणी आला तर जादा दराने, आणि जादा दर मंजूर करायला फाइल वरती. तोवर मार्च. पाच-पाच लाखांची सुटी कामे काढली तर हे हमखास होते. एका खोऱ्यातली सात-आठ कामे एकत्र करून एक निविदा काढली की यंत्रे आणि माणसे एकदाच वर न्यावी लागतात आणि कंत्राटदार येतो. मग "स्थानिक लहान कंत्राटदाराला डावलले" अशी तक्रार येते, ती येऊ दे.

चौथे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे आलेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला. केंद्राचा पुढला हप्ता मागल्या हप्त्याच्या प्रमाणपत्रावर. एका पंचायतीचे अडले की राज्याचा हप्ता अडू शकतो. आणि अडते ते बहुधा किरकोळ कारणाने : मोजमाप पुस्तिका आणि बिलाचा आकडा जुळत नाही, व्याजाची रक्कम दाखवलेली नाही.

मांडवीकाठ

साकवबाय, हे वाचून मी माझा प्रश्न बदलतो. पैसा व्यपगतच होणार असेल तर आणखी पैसा मागण्यात काय अर्थ? आधी खर्च करायची यंत्रणा द्या.

आझुलेज

युरोपात ह्याच कारणासाठी नियम आहे. ज्या वर्षी निधी बांधला त्यानंतर तिसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत दावा केला नाही तर तो आपोआप जातो. आपल्या ३१ मार्चपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे. दोन पावसाळे वाया गेले तरी काम पुरे होते. शिवाय निधीचा ठरावीक भाग तांत्रिक साहाय्यासाठी राखतात, म्हणजे प्रकल्प तयार करणारी माणसे त्याच पैशातून. तरी गरीब प्रदेशांत पैसा संपत नाही ही ओरड तिथेही आहेच. मुदतीच्या शेवटी घाईघाईने चौक सुशोभित करतात, हे आपल्या ओळखीचे.

सहभागाचा हिस्सा ही दुसरी अडचण. १५ टक्के तुम्ही घाला म्हटले की ज्या नगरपालिकेकडे तेही नाहीत ती आधी बाहेर.

लेखाशीर्ष

तो हिस्सा आपल्याकडेही बोचतो. कळंगुट-कांदोळीसारख्या पंचायतीचे घरपट्टी आणि बांधकाम परवान्यांचे उत्पन्न एकीकडे, सत्तरीतल्या आतल्या पंचायतीचे दुसरीकडे. "तुम्ही जमवाल तितके आम्ही देऊ" अशी कुठलीही योजना श्रीमंत पंचायतीलाच जास्त देते.

वित्त आयोगाच्या पंचायत अनुदानाबद्दल दोन बारकावे. २०२१-२६ मध्ये ६० टक्के बांधील (ठरावीक कामांनाच), ४० टक्के अबांधील होते. बांधील पैकी अर्धे पाण्याला, अर्धे स्वच्छतेला. गोव्यात नळाचे पाणी राज्य सरकारचे खाते देते, पंचायत नव्हे. म्हणून पंचायतीकडे पाण्याचा पैसा पडून राहतो. तो पावसाचे पाणी साठवणे, विहिरी उपसणे-बांधणे ह्यांना वापरता येतो, फक्त ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आणि ई-ग्रामस्वराजवर (पंचायतींच्या कामांचे सरकारी संकेतस्थळ) चढलेले हवे. आराखड्यात नसलेल्या कामाचे बिल निघत नाही.

दुसरे, राज्य वित्त आयोग. घटनेच्या २४३-आय प्रमाणे तो दर पाच वर्षांनी नेमायचा. राज्यातल्या राज्यात दरी कमी करायचे खरे घटनात्मक हत्यार हेच, कारण पंचायतींमध्ये पैसा कुठल्या निकषावर वाटायचा हे तो सांगतो. पंधराव्या आयोगाची अटच होती : मार्च २०२४ पर्यंत राज्य वित्त आयोग नेमून त्याच्या शिफारशींवरचा कृती अहवाल विधानसभेत न ठेवणाऱ्या राज्याला त्यानंतर हे अनुदान नाही. मागणी करायची तर इथे करा : वाटपाच्या निकषांत विरळ वस्ती, वनक्षेत्र आणि स्वतःच्या उत्पन्नाची तूट, तिन्हींना भार.

खाणपट्टा

जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचे (खाणींकडून येणारा पैसा खाणबाधित भागावर खर्च करणारा जिल्ह्याचा न्यास) कोणीच कसे बोलले नाही? भौगोलिक बंधन असलेला पैसा आज तेवढाच उरला आहे.

२०१५ च्या दुरुस्तीने खाण कायद्यात कलम ९ब आले. लिलावातून मिळालेल्या खाणपट्ट्यावर रॉयल्टीच्या १० टक्के, जुन्या पट्ट्यावर ३० टक्के रक्कम प्रतिष्ठानाला. लोहखनिजाची रॉयल्टी सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के. म्हणजे १०० रुपयांच्या खनिजावर जुन्या पट्ट्यातून साडेचार रुपये, लिलावाच्या पट्ट्यातून दीड. गोव्यात २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यानंतर ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली, २०२२ च्या डिसेंबरपासून लिलाव सुरू. म्हणजे आता येणारा पैसा दीड रुपयावाला. लिलावातल्या अधिमूल्याचा (बोलीच्या रकमेचा) जाड हिस्सा राज्याच्या तिजोरीत जातो, खाणग्रस्त गावाच्या वाट्याला त्यातला थेट काही नाही. कायमस्वरूपी निधी (विक्रीच्या १० टक्के, २०१४ चा निवाडा) पुढच्या पिढ्यांसाठी, तोही गावाचा नव्हे.

खर्चाचे नियम : २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत किमान ७० टक्के पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला-बालकल्याण अशा अग्रक्रमाच्या क्षेत्रांवर. थेट बाधित क्षेत्र खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंत, अप्रत्यक्ष २५ पर्यंत. गोव्याची रुंदी बघता २५ किलोमीटरचे वर्तुळ काढले की ते कुठे जाऊन टेकते ते नकाशावर स्वतः काढून बघा. आमच्या गावच्या नावाने जमा झालेला पैसा मडगावच्या उंबरठ्यावर खर्च करायला कागदोपत्री वाट मोकळी. म्हणून मागायचे ते थेट बाधित गावांच्या यादीतले काम, आणि कामाचे अंतर खाणीच्या हद्दीपासून किलोमीटरमध्ये लिहूनच मागायचे.

आणि राज्य पातळीवरून प्रतिष्ठानाचा खर्च मंजूर करायला २०२१ मध्ये केंद्राने मनाई केली. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली परिषद ठरवते. मंत्र्यांच्या मागे धावण्यापेक्षा जिल्हाधिकाऱ्यांच्या आवक विभागाचा शिक्का घ्या.

पाटवाट

खाणपट्टाबाब, कुशावती हा नवा जिल्हा झाल्यावर ह्याचे काय? धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण दक्षिण गोव्यातून वेगळे. प्रतिष्ठान जिल्ह्याचे असते.

खाणपट्टा

नव्या जिल्ह्याला स्वतंत्र अधिसूचना काढून स्वतंत्र न्यास करावा लागेल, आणि दक्षिण गोव्याच्या खात्यातली शिल्लक विभागावी लागेल. दक्षिणेतल्या खाणी मुख्यतः ह्याच तालुक्यांत, तेव्हा शिल्लक लोकसंख्येच्या प्रमाणात न वाटता खाणपट्टा ज्या तालुक्यात त्याप्रमाणे वाटावी असा आग्रह आत्ताच धरायला हवा. लोकसंख्येने वाटली तर सासष्टी-मुरगाव घेऊन जातील.

मांडवीकाठ

कुशावतीला आकांक्षी (केंद्राने मागास म्हणून निवडलेला) जिल्हा म्हणून केंद्राचा बक्कळ पैसा येणार असे जे चालले आहे ते?

लेखाशीर्ष

बक्कळ नाही. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात ११२ जिल्हे, ४९ निर्देशक : आरोग्य-पोषण ३० टक्के, शिक्षण ३०, शेती व जलस्रोत २०, वित्तीय समावेशन व कौशल्य १०, पायाभूत सोयी १०. त्याला स्वतःचा मोठा निधी नाही. असलेल्या योजना एकवटायच्या, दर महिन्याला क्रमवारी लावायची, चांगले करणाऱ्याला बक्षीस-निधी. नवा जिल्हा यादीत आपोआप जातही नाही. फायदा असलाच तर आकड्यांचा : चार तालुक्यांचे निर्देशक सासष्टी आणि मुरगावपासून सुटे होतील आणि पहिल्यांदा उघडे दिसतील.

कुळागर

आणि सत्तरी? ती उत्तर गोव्यातच, बार्देश-तिसवाडीच्या सरासरीखाली. पेडण्याचेही तेच.

दोडामार्ग

तिथे दांडेकरांची पद्धत तालुक्याला लावण्याशिवाय इलाज नाही. सरासरी राज्याची न धरता ठरावीक किमान पातळी धरा, म्हणजे ती हलणार नाही. उदाहरणार्थ, उपकेंद्रापर्यंत जास्तीत जास्त अर्धा तास. तूट मोजा, किंमत लावा, तीन वर्षांत वाटा.

साकव

ऑक्टोबरच्या ग्रामसभा जवळ आल्या आहेत, म्हणून कामाचे तेवढे लिहिते. ठराव मांडणाऱ्याने सोबत न्यावे : सर्व्हे क्रमांकासह नमुना १ व १४ ची ताजी प्रत, जागेचा सर्व्हे नकाशा, घरांची व माणसांची संख्या, काम कुठल्या निधीतून मागतो त्याचे नाव (एकच, तीन लिहू नका, तिन्ही खाती दुसऱ्याकडे बोट दाखवतात), वनजमीन असल्यास क्षेत्र आणि झाडे, खाण जवळ असल्यास अंतर, आणि काम झाल्यावर चालवणार कोण. शेवटचे नसेल तर टाकी मागू नये, झर मोजून घ्यावी. ठराव इतिवृत्तात शब्दशः आला का ते पंचायत सचिवांकडून प्रमाणित प्रत घेऊन तपासा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम चढले का ते ई-ग्रामस्वराजवर कोणालाही दिसते, लॉगिन लागत नाही.

मांडवीकाठ

एक राहिले. कळंगुटच्या कचऱ्याचा खर्च कुठल्या निकषात बसवता? त्यावर वेगळा धागा काढतो, तिथे या सगळे.